मन शांत आहे, फाइल तशीच आहे

एका वाचकाचं सविस्तर पत्र आलं आहे. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून त्याचा गोषवारा इथे देते.

“महसूल खात्यात अधिकारी आहे. नोकरीला वीसहून जास्त वर्षं झाली. घरात वारीची परंपरा, गळ्यात माळ. आजवर कुणाचा रुपयाही घेतलेला नाही. बाहेरच्या टेबलावर एक खासगी मुलगा बसतो, तो लोकांकडून काय घेतो हे मी विचारत नाही. पूर्वी ऑफिसातल्या गोष्टींनी झोप उडायची, रक्तदाब वाढायचा. मग इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तासभर साधना चालते आणि आता कशानंच मन ढवळत नाही.

तक्रारी फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलायला कुणी हरकत घेतलेल्या प्रकरणांच्या, सुनावण्या माझ्यापुढे चालतात. एका विधवा बाईंची वारसनोंद वर्षाहून जास्त काळ माझ्याकडे आहे. दिरानं साध्या कागदावर हरकत घेतली आहे. तो इथल्या एका वजनदार पुढाऱ्याचा माणूस. ‘जरा थांबा’ असा फोन आला, मी थांबलो. बाई येतात, व्हरांड्यात बसतात, जातात. परवा त्या माझ्यासमोर रडल्या आणि माझ्या मनात काहीच हललं नाही. वाटलं, साधनेला फळ आलं. ज्यांचं मार्गदर्शन घेतो तेही म्हणाले, ही प्रगती आहे. घरी बायकोला सांगितलं तर ती जेवता जेवता ताटावरून उठून गेली.

ज्याचं त्याचं प्रारब्ध असतं, आपण निमित्तमात्र, असं मी मानतो. शिवाय मी सोडून गेलो तर माझ्या जागी खाणारा माणूस येईल. तरी बायकोचं ते उठून जाणं मनातून जात नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्ण वेळ साधनेला लागावं का?”

नमस्कार.

तुम्ही प्रश्न निवृत्तीचा विचारला आहे, पण मला पत्रातलं शेवटून दुसरं, काहीसं ओशाळं वाक्य महत्त्वाचं वाटतं. बायकोचं उठून जाणं मनातून जात नाही. म्हणजे ‘कशानंच मन ढवळत नाही’ हे काही खरं नाही. तुमचं मन ढवळतं. पुढाऱ्याच्या फोननंही ते ढवळलं असणार, नाहीतर तुम्ही थांबला नसता. जिच्यासोबत रोज राहायचं आहे तिची नाराजी तुम्हाला लागते, आणि ज्याच्या हातात तुमची बदली आहे त्याचा आवाजही लागतो. लागत नाही ते फक्त त्या बाईंचं रडणं, आणि या तिघांत एकट्या त्यांच्याच हातात तुमचं काहीही नाही. ज्या समतेचं तुम्ही वर्णन करता ती नेमकी ज्यांच्यावर तुमचा अधिकार चालतो त्यांच्यापुरती आहे. वरच्या बाजूला ती पोचलेलीच नाही.

हे मी टोचण्यासाठी लिहीत नाही. तुमची साधना खोटी आहे असंही मला वाटत नाही. झोप लागणं, रक्तदाब उतरणं ही चेष्टेची गोष्ट नाही. महसुलात तुमच्या वयाची किती माणसं कशा अवस्थेत काम करतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ते कळेल. पण ज्या परंपरेतून तुमची ही साधना आली, त्याच परंपरेनं या वळणाची सूचना पूर्वीच देऊन ठेवली आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि समता या चार भावना वाढवायच्या असं तिथं सांगितलं जातं. पाचव्या शतकात श्रीलंकेत बसून बुद्धघोषांनी त्यांचं विवरण केलं, तेव्हा प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितले: एक लांबचा, एक जवळचा. लांबचा ओळखायला सोपा असतो, तो उघड उलट असतो. जवळचा मात्र त्या भावनेसारखाच दिसतो आणि म्हणून घरात घुसतो. समतेचा लांबचा शत्रू म्हणजे राग आणि लोभ. जवळचा म्हणजे अजाण बेफिकिरी. आतून दोन्ही सारख्याच गार लागतात. म्हणूनच नुसतं आत बघून तुम्हाला फरक कळणार नाही, आणि तुमच्या मार्गदर्शकांनाही तुम्ही फक्त आतलंच सांगितलंत. पुढच्या भेटीत त्यांना फाइलीसकट सगळं सांगा. ‘मन हललं नाही’ एवढंच नको, ‘ती बाई वर्षभर कशासाठी येतेय आणि मी का थांबवलंय’ हेही सांगा. त्यानंतरही ते प्रगती म्हणाले, तर त्यांच्याबद्दल वेगळा विचार करावा लागेल.

हीच विपश्यना दुसऱ्या दिशेलाही गेलेली आहे. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ साली सुरू झालं, त्याच्या आदल्या वर्षी जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात कैद्यांसाठी शिबिर झालं होतं. त्यामागे राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव रामसिंह होते. त्यांनी स्वतः साधना केली, आणि मग आपल्या खुर्चीचा उपयोग करून ती अशा लोकांपर्यंत नेली ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. साधनेनं माणूस ऑफिसपासून दूरच जातो असं काही नाही.

आता ‘रुपयाही घेतला नाही’ याविषयी. ही गोष्ट तुमच्यासाठी फार मोठी आहे हे पत्रातून कळतं, आणि तुमच्या खात्यात ती सोपी नाही हेही खरं. पण बाहेर बसलेला तो मुलगा, ज्याला सगळं तालुका ऑफिस ‘झिरो’ म्हणतं, तो काय विकतो? त्याच्याकडे ना शिक्का आहे ना अधिकार. लोक त्याला पैसे देतात ते तुमच्या सहीसाठी. म्हणजे सही विकली जातेच आहे. तुम्ही फक्त वाटा घेत नाही. यानं तुमचा हात स्वच्छ राहतो, मान्य. पण पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशाला तुमच्या हाताच्या स्वच्छतेचा काय फायदा झाला? नैतिकतेचा विचार आपण बहुतेक वेळा असाच करतो. मी कसा आहे, माझ्यावर डाग आहे का, माझ्या खात्यावर पाप किती. टेबलाच्या पलीकडे काय झालं हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही.

त्या पलीकडच्या बाजूला काय होतंय ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तरी इतर वाचकांसाठी लिहिते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. पीकविम्यात अडचण. केंद्राच्या शेतकरी सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार रुपये मिळवायचे तर जमीन नावावर लागते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना त्यात जागा नाही, अपवाद फक्त मालकाच्या मृत्यूनंतर वारसानं आलेल्या जमिनीचा. म्हणजे ही बाई त्या अपवादात बसते, पण बसल्याचा कागद तुमच्या टेबलावर आहे. फेरफार नोंदीनं मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयात ठरते, हे वाक्य तुमच्या खात्यात रोज ऐकवलं जातं. कायद्यानं ते बरोबरच आहे. पण ते व्हरांड्यात बसलेल्या बाईला ऐकवून तिच्या कर्जाचं काही होत नाही.

आणि थांबणं म्हणजे काहीच न करणं, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते तुमच्या खुर्चीतलं सगळ्यात ताकदवान कृत्य तेच आहे. तुम्ही बाईंच्या विरोधात निकाल दिलात तर त्या प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करू शकतात. तिथं हरल्या तर त्याच्याही वर जाऊ शकतात. तुम्ही निकालच दिला नाहीत तर त्या कशावर अपील करणार? दिराला हरण्याची भीती नाही, पुढाऱ्याला शब्द टाकल्याचं समाधान आहे, तुमच्या सहीचा कुठे मागमूस नाही, आणि जमिनीचा ताबा ज्याच्याकडे आहे तो पीक काढतोय. सत्ता अशीच वापरली जाते बहुतेक ठिकाणी. दरडावणारा अधिकारी लोकांच्या लक्षात राहतो. ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणारा सौम्य माणूस मात्र बरा वाटतो.

‘निमित्तमात्र’ हा शब्द तुम्ही गीतेतून घेतला आहे. तो कुणाला आणि कधी सांगितला ते आठवा. अर्जुन धनुष्य खाली ठेवून बसला होता. त्याला उठवण्यासाठी जे सांगितलं गेलं त्यातला हा एक भाग, अकराव्या अध्यायातला. तुम्ही तो बसून राहण्यासाठी वापरताय. प्रारब्धाचंही तसंच. आपल्या वाट्याला आलेलं दुःख सोसताना प्रारब्धाचा आधार घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. दुसऱ्याच्या दुःखाला तो शब्द लावायचा असेल तर किमान त्या दुःखात आपला हात नसावा. बाईंच्या नवऱ्याचा मृत्यू हे प्रारब्ध म्हणा हवं तर. त्यानंतरचं हे वर्ष तुम्ही घडवलेलं आहे.

रामशास्त्री प्रभुण्यांची रघुनाथरावांसमोरची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकतो. त्याआधीची एक आहे, ती कमी सांगितली जाते. माधवराव १७६१ साली, सोळाव्या वर्षी पेशवे झाले. धार्मिक वृत्तीचे होते, जपध्यानात त्यांचा बराच वेळ जाऊ लागला. एकदा रामशास्त्री कामासाठी भेटायला आले तर पेशवे जपाला बसलेले. शास्त्री परत गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली. माधवरावांनी आदल्या दिवसाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण ब्राह्मण म्हणून हे आपलं कर्तव्यच आहे अशी बाजूही मांडली. त्यावर शास्त्र्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता: तसं असेल तर गादी सोडा आणि माझ्याबरोबर गंगेकाठी चला, तिथे दोघेही जप करू. गादीवर राहायचं असेल तर प्रजेचं काम हेच तुमचं कर्तव्य. माधवरावांनी ऐकलं आणि तो परिपाठ सोडला.

यात शास्त्र्यांनी जपाला कमी लेखलेलं नाही. ते स्वतः कर्मठ विद्वान होते. त्यांनी दोन रस्ते दाखवले आणि दोन्ही मानाचे होते. गादीवर बसून मनानं गंगेकाठी असण्याचा तिसरा रस्ता त्यांनी बंद केला. तुम्ही गेले वर्षभर त्या तिसऱ्या रस्त्यावर आहात. निवृत्तीचा तुमचा विचार म्हणजे त्यांचा पहिला रस्ता, आणि तो मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. त्याकडे शेवटी येते.

तुम्ही वारकरी घरातले, म्हणून मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचंही नाव घेते. तेही महसुलाचेच अधिकारी होते, बेदरच्या बादशहाचे. दुष्काळात सरकारी कोठारं त्यांनी भुकेल्यांना उघडून दिली. कीर्तनात आपण पुढच्या भागात रंगतो, विठू महार होऊन देवानं पैसे भरले त्या भागात. पण कोठाराची कुलपं उघडली त्या दिवशी देव येणार आहे हे दामाजींना ठाऊक नव्हतं. शिक्षा काय होते एवढंच ठाऊक होतं. आणि त्यांना तर हुकूम मोडावा लागला होता. तुम्हाला तेवढंही करायचं नाही. तुम्हाला फक्त कायद्यात आहे ते करायचंय.

‘मी गेलो तर खाणारा येईल’ यात तथ्य आहे. चांगल्या माणसांनी खुर्च्या सोडल्यावर तिथं कोण बसतं हे आपण पाहतोच. पण हा युक्तिवाद तुमच्या असण्यानं पलीकडच्या माणसाला फरक पडत असेल तरच चालतो. खरं सांगू, खाणाऱ्यानं कदाचित दिराकडून पैसे घेऊन बाईंच्या विरोधात निकाल दिला असता, आणि बाई एव्हाना अपिलात असत्या. हे वाचून राग आला तर येऊ दे.

मग करायचं काय? माझ्या मते आधी प्रकरणाचा रोजनामा, म्हणजे सुनावण्यांची तारीखवार नोंद, काढून बसा. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, कशासाठी तारीख पुढे गेली ते वाचा. जिथे कारणच नाही तिथे ‘फोन आला’ असं मनातल्या मनात भरा. मग दोन्ही बाजूंना नोटीस काढून एक शेवटची तारीख द्या. दिराला त्याची हरकत कशाच्या आधारावर आहे ते लेखी मांडू द्या, कागद हजर करू द्या. त्याच्याकडे मृत्युपत्र असेल, बाईंच्या लग्नाबद्दल खरा वाद असेल, मला माहीत नाही, मी फाइल पाहिलेली नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे आणि भाऊ दुसऱ्या वर्गाचा, आणि पहिल्या वर्गात कुणी असताना दुसऱ्याचा नंबर लागत नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. दिराला मालकीचाच वाद घालायचा असेल तर दिवाणी न्यायालय मोकळं आहे. म्हणणं ऐकून झालं की ‘निकालासाठी बंद’ लिहा आणि सकारण आदेश द्या. तो बाईंच्या बाजूनं असलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. तो असावा, कारणांसकट, तुमच्या सहीनं.

फोन पुन्हा येईल. त्याची तयारी साधनेसारखीच रोज करा, कारण तुमची समता तिथेच कच्ची आहे. ‘साहेब, प्रकरण सुनावणीवर आहे, त्यांना लेखी म्हणणं द्यायला सांगा, मी वाचतो’ एवढं वाक्य पुरतं. ते उद्धटपणाचं नाही आणि खोटंही नाही. तक्रारी नोंदीची सुनावणी अर्धन्यायिक, म्हणजे न्यायाधीशासारखं ऐकून निवाडा देण्याचं, काम आहे. निकाल काय द्यायचा हे तुमच्या वरिष्ठांनीही फोनवर सांगायचं नसतं, मग पुढाऱ्याची काय कथा. वरिष्ठांनीच तोंडी सांगितलं तर लेखी मागा. वर्तणूक नियमांमध्ये तोंडी आदेश लेखी करून घेण्याची तरतूद आहे ती याचसाठी. लेखी मागितलं की बहुतेक तोंडी आदेश विरून जातात.

त्या मुलाला बाहेरच्या टेबलावरून उठवा. हे सगळ्यात अवघड जाईल असं मला वाटतं, कारण ऑफिसातलं अर्धं काम तोच करत असणार आणि तुमच्या हाताखालचे लोक नाराज होतील. त्याचं पोट आहे हेही खरं. त्याला दुसरीकडे लागायला मदत करा हवी तर.

किंमत मोजावी लागणार नाही असं खोटं आश्वासन देत नाही. बदली होऊ शकते. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवला आहे, मुदतीआधी हलवायचं तर कारणं नोंदवावी लागतात, आणि त्याविरुद्ध प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. पण तिथं जाण्यात दमछाक होते. एखादी निनावी तक्रारही होईल. मुलांची शाळा, घराचा हप्ता, म्हाताऱ्या माणसांचं औषधपाणी. हे सगळं बायकोशी बोला. ती ताटावरून का उठली ते तिलाच विचारा, माझ्या अंदाजावर जाऊ नका. कदाचित बदली सोसायला ती तुमच्याआधी तयार असेल. कदाचित नसेलही, आणि मग दोघांनी मिळून ठरवावं लागेल. साधना मात्र सोडू नका. फक्त बसल्यावर त्या बाईंचा चेहरा आला तर त्याला विचार समजून बाजूला सारू नका. तुमच्या शिबिरातही ध्यानाच्या आधी शील सांगितलं जातं, पहिल्याच संध्याकाळी.

असं पत्र लिहिणारे तुम्ही एकटे नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, संस्थांचे विश्वस्त, मुख्याध्यापक, अगदी घरातली सगळ्यात मोठी जाऊसुद्धा याच सुरात लिहिते: मी कुणाचं वाईट करत नाही, मी कशात नसते. सगळ्यांना मी एकच विचारते. तुमच्या ‘कशात नसण्या’मुळे कुणाचं काम अडलंय का? त्याचं नाव सांगता येईल का? नाव आलं की पुढचं आपोआप कळतं.

आणि जे पलीकडे, व्हरांड्यात बसून हे वाचताहेत त्यांच्यासाठी: तोंडी चौकशी करत फेऱ्या मारू नका, प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आपल्या प्रकरणाच्या रोजनाम्याची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा, तीस दिवसांची मुदत असते. सुनावणीची प्रकरणं वेगळी, पण साधी फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये असं बदल्यांच्या त्याच कायद्यात आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. अर्जात त्याचा उल्लेख केला की कागदाला थोडे पाय फुटतात. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री नंबर आहे.

आता स्वेच्छानिवृत्ती. वीस वर्षं झाली असतील तर नियमानं तुम्ही ती मागू शकता, तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पेन्शनचा हिशेब खात्याच्या लेखा शाखेकडून आधी नीट करून घ्या, अंदाजावर राहू नका. साधनेला पूर्ण वेळ द्यावा असं मनापासून वाटत असेल तर घ्या. पण १७७३ साली रामशास्त्री पुणं सोडून गेले ते नारायणरावांच्या खुनाचा दोष कुणाचा हे रघुनाथरावांना तोंडावर सांगून मग गेले. न सांगता गेले असते तर तीही एक निवृत्तीच झाली असती, आणि त्यांचं नाव तुम्हा-आम्हाला ठाऊक नसतं. तुमच्याकडची ती फाइल निकाली काढा, त्या मुलापायी ज्या फायली थांबल्या असतील त्याही काढा, आणि महिनाभर वाट पाहा. निवृत्तीची ओढ तेव्हाही तेवढीच राहिली तर अर्ज टाका. नोटिशीचे तीन महिने तेव्हाही तीनच असतील.